‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हटल्यावर ती गप्प झाली

पत्र

ताई, आम्ही ठाण्यात कोलबाडला राहतो. मी, बायको, दहावीतली मुलगी आणि माझी आई. वन बीएचके आहे. मी वागळे इस्टेटला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, बायको (वय ४२) घरून पोळी-भाजीचे बारा डबे देते. गेले १४ महिने तिचं पोट दुखतंय. जेवल्यावर तासाभरात उजवीकडे खाली कळ येते. कधी आठ-आठ दिवस जुलाब, कधी नुसतं पोट फुगून गुरगुर. वजन ६१ किलोवरून ५२ वर आलंय, हिमोग्लोबिन ९.२. सोनोग्राफी नॉर्मल. तोंडातून दुर्बीण घातली तर जठराला किरकोळ सूज. तीन डॉक्टर झाले, होमिओपॅथी झाली, आता एका ओळखीच्यांनी दिलेलं चूर्ण चालू आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून दोन महिन्यांपासून गहू बंद आहे. पोटविकारतज्ज्ञ कोलोनोस्कोपी (मागून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणं) करा म्हणतात, पण ती सहा महिने टाळतेय. आई म्हणते, हे मनाचं आहे, नजर लागलीय. मध्यंतरी एकदा रात्री अडीचला ती पोट धरून उठून बसली होती. मला सकाळी सातची पाळी. मी वैतागून बोललो, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग रोजचं काय रडगाणं लावलंयस?’ तेव्हापासून दुखण्याबद्दल ती एक शब्द काढत नाही. रात्री बाथरूममध्ये नळ सोडून बसते, आम्हाला आवाज जाऊ नये म्हणून. खरं सांगतो, कधीकधी मलाही वाटतं की ती उगाच करतेय, आणि तसं वाटल्याची लाज वाटते. तिला तपासणीला कसं तयार करू? बोललो ते परत कसं घेऊ?
ता. क. तिची आई ५१ व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा ही १९ वर्षांची होती. हे डॉक्टरांना सांगायला हवं का?
– एक नवरा, ठाणे

उत्तर

दादा,

तुमच्या ताज्या कलमापासूनच सुरुवात करते. हो, सांगायला हवं, आणि पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे नेमका कशाचा, जठराचा की मोठ्या आतड्याचा, हे तिच्या भावाला किंवा मामांना विचारा. जुना एखादा कागद असेल तर शोधून काढा. आईला किंवा वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर मुलांना काही त्रास नसला तरी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी करायला सांगतात. किंवा पालकाला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून, जे आधी येईल ते. तुमच्या बायकोला तर त्रास आहे. तिला कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि हा त्रास दुसऱ्या बऱ्याच कारणांनी होऊ शकतो. पण डॉक्टरांसमोर ही माहिती असायलाच हवी.

आणि दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला त्या ताज्या कलमातच दिसतं. एकोणीस वर्षांच्या मुलीने आईला पोटदुखीपासून शेवटपर्यंत पाहिलंय. तपासण्या, ॲडमिट होणं, घरातली कुजबुज, सगळं. आज तिचंच पोट दुखतंय आणि समोर डॉक्टर म्हणतायत, आतून बघू, वाटल्यास तुकडा काढून तपासू. ती लाजेने टाळते असं तुम्हाला वाटत असेल. थोडी लाज असेलही. पण मला वाटतं तिला त्या तपासणीची भीती नाही, त्या रिपोर्टची आहे. तपासलं नाही तोवर आईचं दुखणं आपल्याला नाही, असं धरून ती बारा जणांच्या पोळ्या लाटतेय. ‘असल्या तपासण्या सगळेच करतात’ हे तुम्ही तिला दहा वेळा सांगितलं असेल. तिच्या आईचं नाव तुमच्यात एकदा तरी निघालं का?

आता ‘रिपोर्ट नॉर्मल’बद्दल. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंडं चांगली दिसतात. आतड्याचं आतलं अस्तर तिच्यात नीट दिसत नाही, त्यात पोटात गॅस असेल तर आणखीच कमी. तोंडातून घातलेली दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात बघते आणि मागे फिरते. तिच्यापुढे कित्येक मीटर लहान आतडं आहे आणि मग मोठं आतडं. तिला दुखतं उजवीकडे खाली. लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा साधारण तिथेच येते, आणि तिथवर अजून कोणी पोचलेलंच नाही. म्हणजे जे पाहिलं ते नॉर्मल निघालं. जिथे दुखतं ते पाहायचं राहिलंय.

आकड्यांकडे बघा. ६१ मधले ९ किलो म्हणजे जवळजवळ १५ टक्के वजन. कारण नसताना सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के जरी उतरलं तरी डॉक्टर कान टवकारतात. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, तिचं ९.२ आहे. आणि ती झोपेतून दुखण्याने उठते. ताणाने पोट बिघडतं हे खरंच आहे, आयबीएस (आतड्याच्या कामातला बिघाड, जो तपासण्यांत दिसत नाही) हा खरा आजार आहे, त्यात माणूस सोंग करत नसतो. पण वजन उतरणं, रक्त कमी होणं आणि रात्री दुखून जाग येणं ही तीन लक्षणं एकत्र असताना ‘मनाचं आहे’ म्हणून फाइल बंद करायची नसते. हे आईंनाही शांतपणे सांगा. त्यांना मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्यांच्याही जिवाला लागून राहिलंय. चूर्ण मात्र बंद. ‘पोट साफ’ करणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, आणि तिने जुलाब होतात. जुलाब आजाराचे की चूर्णाचे, हे मग कोण ओळखणार? ती कंबरदुखीवर केमिस्टकडून गोळ्या आणून खात असेल तर तेही सांगा, वेदनाशामक गोळ्यांनी जठरात आणि आतड्यात जखमा होतात. घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. अंदाजाने नावं सांगू नका.

गव्हाचंही विचारून घ्या. गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा सीलिअॅक नावाचा आजार असतो. त्याची रक्ततपासणी असते, पण गहू खाणं चालू असतानाच ती खरं सांगते. दोन महिने गहू बंद असेल तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. आधीच्या दुर्बिणीच्या वेळी लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा तपासला होता का, हेही त्या रिपोर्टात पाहा. एरवीही माझं मत असं की पुरावा नसताना तिच्या ताटातलं एकेक काढून घेणं थांबवा. आज कोणीतरी सांगितलं म्हणून गहू बंद, उद्या आणखी कोणी सांगितलं म्हणून दूध बंद, मग डाळ बंद. मग बाईने खायचं काय? वजन उतरायला आजार पुरेसा आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते. दीड वर्ष तिचं असंच चाललं होतं. घरात कुणाला खोकला नाही, तिलाही नाही, त्यामुळे टीबीचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नाही. एका दवाखान्यात तर तिला ‘घरात सासू-सुनेचं पटतं ना?’ असं विचारून झोपेच्या गोळ्या दिल्या. शेवटी कोलोनोस्कोपीत जखमा दिसल्या आणि तुकड्याच्या तपासणीत आतड्याचा टीबी निघाला. सहा महिने औषध घेतलं, आज ती ठणठणीत आहे. मात्र ती जे मला म्हणाली ते अजून कानात आहे: ‘पोटापेक्षा मला जास्त त्रास कशाचा झाला माहितेय? रोज पुरावा द्यावा लागायचा.’

तिच्यामुळेच कळलेली एक बारीक गोष्ट. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार दुर्बिणीतून फार सारखे दिसतात, नावाजलेले तज्ज्ञही अडखळतात. टीबीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, तुकडा साध्या सलाइनमध्ये पाठवावा लागतो. एरवी तुकडे ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवतात त्यात जंतू मरतात. म्हणून तपासणीच्या आधीच डॉक्टरांना विचारा, ‘टीबीसाठी वेगळा तुकडा पाठवणार ना?’ निदान दोन्हीत अडकलं तर डॉक्टर कधीकधी टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने जखमा भरल्या का ते पाहतात. तसं झालं तर ‘यांना काही कळत नाही’ म्हणून चौथा डॉक्टर गाठू नका. टीबी निघालाच तर सरकारी केंद्रावर औषधं मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. फुप्फुसात टीबी नसेल तर आतड्याच्या टीबीची घरात लागण होत नाही. तसं निदान झालं तर हे आईंना लगेच सांगा, नाहीतर भांडी वेगळी होतील.

आता बोललात ते कसं परत घ्यायचं. ते परत घेता येत नाही, दादा. मान्य करता येतं. आई आणि मुलगी घरात असताना बोलू नका. संध्याकाळी तिला मासुंदा तलावाकाठी घेऊन जा, नाहीतर उपवनला. बसा, आणि म्हणा, ‘त्या रात्री मी बोललो ते चुकलं. तुझं दुखणं खरं आहे.’ एवढंच. ‘पण मीही दमलो होतो’ लगेच जोडू नका. तुम्ही दमता हे खरंच आहे, ते मला लिहा, मित्राला सांगा, पुढच्या महिन्यात तिलाही सांगा. त्या दिवशी नको. मग तिच्या आईबद्दल विचारा. शेवटी काय झालं होतं, ती कुठे होती, तिला काय आठवतं. ती रडेल किंवा गप्प बसेल. त्याच बाकावर कोलोनोस्कोपीचा विषय काढू नका. दोन दिवसांनी म्हणा, ‘तुझ्या आईच्या वेळी तू एकटी होतीस. आता मी आहे. आत जाईपर्यंत मी सोबत, आणि रिपोर्ट आधी माझ्या हातात आला तरी तुझ्याशिवाय उघडणार नाही.’ आणि हे पाळा.

ती हो म्हणाली की पुढची अडचण तुमच्या घराची आहे. आदल्या संध्याकाळपासून आतडं रिकामं करायचं औषध पाण्यात कालवून प्यायचं असतं, बहुतेकदा अर्धं रात्री, अर्धं पहाटे. मग चार-पाच तास बाथरूम तिचं एकटीचं. वन बीएचकेमध्ये चार माणसं असताना, नळ सोडून बसणाऱ्या बाईला हे किती जड जाईल याचा विचार करा. आईंना आणि मुलीला त्या रात्री मामाकडे, मावशीकडे कुठेही पाठवा. औषध थंडगार करून दिलं की जरा सोपं जातं. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत चालतं, दूध नाही, लाल-जांभळं सरबत नाही. रक्ताच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या काही दिवस आधी थांबवायच्या असतात, तारीख डॉक्टरांना विचारा. तपासणी गुंगीत होते, साधारण अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. मागून उघडणारे कपडे तिथेच देतात. तिला संकोच वाटत असेल तर डॉक्टर बाई मिळतील का, निदान नर्सबाई सोबत राहतील का, हे नंबर लावतानाच विचारा. असं विचारणं गैर नाही. ‘बायोप्सी’ शब्द ऐकून ती घाबरेल, म्हणून आधीच सांगून ठेवा की तुकडा सगळं नॉर्मल दिसलं तरी घेतात आणि घेताना दुखत नाही. घरी रिक्षाने आणा, त्या दिवशी तिला स्कूटर चालवू देऊ नका आणि डबे बंद ठेवा.

पैशांचं लिहिलं नाहीत, पण प्रश्न असणार. मेडिक्लेम असेल तर नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झाल्यास बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, आधी लेखी विचारा. खाजगीत परवडत नसेल तर केईएम आणि सायन रुग्णालयात पोटविकाराचे विभाग आहेत. पहाटेची लोकल पकडावी लागेल, रांगेत थांबावं लागेल, पण तिथल्या डॉक्टरांनी असे पेशंट भरपूर पाहिलेले असतात. कुठेही जा, यापुढे एकच डॉक्टर ठेवा आणि एकच फाइल. पहिल्या पानावर तुमच्या हाताने तारीखवार लिहा: दुखणं कधी सुरू झालं, वजन कधी किती होतं, कोणती औषधं झाली, तिच्या आईचा आजार. वजन रविवारी सकाळी, एकाच काट्यावर. दिवसातून पाच वेळा ‘आता कसं वाटतंय’ विचारू नका, त्यानेही माणूस शिणतो.

एक मात्र वाट बघण्यासारखं नाही. शौचातून रक्त, डांबरासारखं काळं शौच, किंवा पोट टम्म फुगून सारख्या उलट्या आणि गॅसही सरत नाही असं झालं तर रात्रीचे किती वाजलेत हे पाहू नका. १०८ ला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवा.

डब्यांचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. ‘आजारी आहेस, बंद कर’ म्हणून तुम्ही बंद केलेत तर तिच्या हातात आपलं म्हणून काही उरणार नाही. बाराचे सहा करायचे का, विचारा. कणीक तुम्ही मळा, मुलगी भाजी चिरेल. मुलीपासून लपवू नका. दहावी आहे म्हणून तिला काही सांगत नसाल, तर ती रात्री मोबाइलवर शोधत असेल आणि त्यात भलतंसलतं वाचत असेल.

तुम्हाला लाज वाटते म्हणालात. चौदा महिने झोपमोड झालेल्या माणसाच्या मनात असे विचार येतात. तुम्ही ते लिहून पाठवलेत म्हणून मी तुमच्याशी इतकं बोलू शकले. उद्या आधी तिच्या भावाला फोन करा, आईचे कागद विचारा. मग मासुंद्याकाठी जा. तपासणीची तारीख मिळाली की मला कळवा, मी वाट बघतेय.

– तुमची ताई