व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या भावाला देवासमोर शपथ घ्यायला लावावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ केंद्रातून घरी आलाय, गोळ्या चालू आहेत. आई आणि काका त्याला ग्रामदेवतेसमोर दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावतायत आणि तो मात्र ‘देवानेच मला टाकलंय’ म्हणत देवळाकडे फिरकत नाही.

शपथ आत्ता नको. आधी त्याच्या त्या वाक्याकडे बघा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात व्यसनी माणसांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. आमच्याकडे येणारे बहुतेक जण देव मानणारेच असतात. म्हणून श्रद्धा आहे की नाही, यापेक्षा देव आपल्याशी कसा वागतोय असं त्याला वाटतं, हे मी विचारते. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संकटातल्या माणसांच्या श्रद्धेचा बराच अभ्यास केला. देव सोबत आहे असं वाटणाऱ्याला श्रद्धा आधार देते. देव शिक्षा करतोय, त्याने सोडून दिलंय असं वाटणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. हे उलटंही चालतं: मन खचलं की देवही रागावलेला दिसतो. दारू सुटल्यावर सुरुवातीचे काही आठवडे उदास वाटणं नेहमीचं आहे. महिनाभराने तसंच असेल तर नैराश्यासाठी वेगळे उपचार लागतील. भाऊ देवाबद्दल जे बोलतोय, ते त्याच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

आता शपथेचं. या आजारात पाय घसरणं खूप जणांचं होतं. आपल्याकडे देवासमोरची शपथ मोडली की घरात कुणाला साधा ताप आला तरी तो कोप ठरतो. एका संध्याकाळी प्यायलेला माणूस मग घरी लपवतो, डॉक्टरकडे जायचं टाळतो आणि त्या भीतीपोटीच पुन्हा पितो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचं मंडळ, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. तिथेही ईश्वराचं नाव घेतात, पण ज्याला जसा समजला तसा, आणि निश्चय फक्त आजच्या दिवसाचा. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आईच्या श्रद्धेला धक्का लावू नका. त्यांना सांगा, शपथेऐवजी गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्या. आपल्या गाऱ्हाण्यात लेकराचं चुकलंमाकलं पदरात घे, त्याला सांभाळ, असंच मागणं असतं आणि सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. भाऊ तिथे नसला तरी चालेल. नंतर त्याला नुसतं सांगा की आईने तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. माळ घालून वारकरी झालेले आणि सावरलेलेही मी पाहिलेत. त्यांची पिण्याची वेळ हरिपाठात जाते, सोबतीही बदलतात. पण ती माळ त्यांनी स्वतः मागितलेली होती.

एक गोष्ट घरचे हमखास विसरतात. तुमच्या गावात राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दारू दाखवत असतील तर ते काम भावाकडे देऊ नका. शिमग्यात पालखीबरोबर फिरताना न पिणारा कुणीतरी त्याच्यासोबत असू दे.

अंगारा लावा, पण गोळ्या बंद करू नका. तो पुन्हा पिऊ लागला आणि एकदम थांबला, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, नसलेली माणसं दिसणं असं होऊ शकतं. लोक त्याला बाहेरचं समजून भगताला बोलावतात. यात जीव जाऊ शकतो, थेट रुग्णालयात न्या.

आणि ‘आता जगून काय करू’ असं काही तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. रात्रीअपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं. व्यसनाबद्दल विचारायला १४४४६ आहे.