आडनाव झाकून पोरगा बघा: फूटीतले फादर-सन आणि अकॅडमीवाले

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एएफएलचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे 'फूटी'च्या मुख्य लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी क्रमाने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, जवळ आला की 'अमक्याचा मुलगा', 'तमक्या अकॅडमीतला' असा गाजावाजा सुरू होतो, त्यातला खरा माल कुठला हे ओळखायचं कसं? आणि दुसरं, तुमचा तेरा वर्षांचा मुलगा मेलबर्नमध्ये ज्युनियर फूटी खेळतो, तर तुम्ही नवरा-बायको भारतात जन्मलेले असल्याचा त्याला काही उपयोग होतो का? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. पहिलं नीट कळलं की ते सोपं जाईल.

आधी नियम, झटपट. वडील एखाद्या क्लबसाठी शंभर किंवा जास्त सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क, यालाच 'फादर-सन' म्हणतात. भावाभावांसाठी असं काही नाही, म्हणून मॅक्स किंग सेंट किल्डात आणि त्याचा जुळा भाऊ बेन गोल्ड कोस्टला. अकॅडम्या दोन प्रकारच्या. सिडनी, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी), ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट या चौघांच्या अकॅडम्या त्यांच्या भागातल्या पोरांसाठी, कारण तिकडे रग्बी लीग पोरं पळवते. बाकीच्यांसाठी २०१६ पासून 'नेक्स्ट जनरेशन अकॅडमी', म्हणजे आदिवासी आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी. यातला कोणीही मुलगा दुसऱ्या क्लबला हवा असेल तर तो क्लब आपल्या निवडीच्या नंबराला बिड, म्हणजे बोली, टाकतो. हक्कवाल्या क्लबाने ती पॉइंट्स मोजून मॅच करायची, नाहीतर मुलगा सोडायचा. प्रत्येक निवडीच्या नंबराला पॉइंट्स ठरलेले: पहिल्या निवडीचे ३००० पॉइंट्स, तिथून उतरती भाजणी. पहिल्या फेरीतल्या बिडवर आधी २० टक्के सूट होती, २०२५ पासून १०.

आपल्याकडे रोहन गावसकर बंगालकडून रणजी खेळला, अर्जुन तेंडुलकर गोव्याकडून. बापाच्या संघाचा पहिला हक्क ही कल्पनाच आपल्याला नवी, त्यामुळे तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे.

आता माझं मत. पोरगा चांगला आहे का, आणि या भावात घ्यावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकात एक कालवतात. आधी आडनाव आणि अकॅडमी झाकून, तो खुल्या ड्राफ्टमध्ये असता तर कितव्या नंबरला गेला असता ते ठरवा. हिशोब त्यानंतर.

पूर्वी हा हिशोब करायची गरजच नव्हती. गॅरी एबलेट ज्युनियर २००१ मध्ये वडिलांच्याच क्लबला, जीलॉन्गला, ४०व्या निवडीत मिळाला, टॉम हॉकिन्स २००६ मध्ये ४१व्या. तिसऱ्या फेरीची एक निवड दिली की काम झालं. हॉकिन्सवरून इतका आरडाओरडा झाला की पुढच्या वर्षी बिडिंग आलं. तरी फट राहिलीच. २०१४ मध्ये आपल्या अकॅडमीतल्या आयझॅक हीनीला सिडनीने १८व्या निवडीत उचललं, तेव्हा तो पहिल्या दोन-तिघांतला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून २०१५ मध्ये पॉइंट्स आले.

त्याच २०१५ चं उदाहरण मी नेहमी देतो. सिडनी अकॅडमीतल्या कॅलम मिल्सवर मेलबर्नने ३ नंबरला बिड टाकली आणि सिडनीने पॉइंट्स ओतून ती मॅच केली. नंतर जॉश डंकलीची पाळी आली. वडील अँड्र्यू डंकली सिडनीचेच जुने खेळाडू. वेस्टर्न बुलडॉग्जने २५ नंबरला बिड टाकली आणि सिडनीने हात वर केले. पुढच्याच वर्षी बुलडॉग्जने ग्रँड फायनलमध्ये सिडनीलाच हरवून १९५४ नंतरचा पहिला कप नेला. डंकली त्यांच्याकडून मैदानात होता, मिल्स समोरून. सिडनी चुकली असं मी म्हणणार नाही, मिल्स पुढे त्यांचा कर्णधार झाला. पण तिजोरी एकच असते, आणि आपला मुलगा म्हणून प्रत्येकाला घेता येत नाही. शिवाय हक्क क्लबाचा असला तरी मुलगा नाही म्हणू शकतो. मार्क मर्फीचे वडील फिट्झरॉयचे, तो क्लब पुढे ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला, त्यामुळे हक्क ब्रिस्बेनचा. तो खुल्या ड्राफ्टमध्ये उतरला आणि २००५ मध्ये पहिल्या निवडीत कार्लटनला गेला.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. व्हिक्टोरियात टॅलेंट लीगचे (१८ वर्षांखालच्या पोरांच्या लीगचे) सामने बघायला जा. सँडरिंगहॅम ड्रॅगन्स समुद्राजवळच्या ट्रेव्हर बार्कर ओव्हलवर खेळतात, तिथे खाडीवरून वारा सुटला की कोणाची किक खरी आणि कोणाची सरावापुरती ते लगेच दिसतं. पहिला क्वार्टर चेंडूकडे बघूच नका, पोराकडे बघा. बाउन्सच्या, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करायच्या, आधी त्याची नजर कुठे आहे, फक्त चेंडूवर की आपला माणूस कुठे धावणार त्यावरही? हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, दोन्ही हातांनी जातो की डाव्या बाजूला दाबलं की आख्खा फिरून उजवा शोधतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंडू त्याच्या हातून निसटून समोरच्याकडे गेला की पुढच्या पाच सेकंदांत तो काय करतो. कमरेवर हात ठेवून उभा राहणारा पोरगा तीन गोल मारूनही मला नको असतो. स्टॅट्समध्ये हे येत नाही, आणि हायलाइट्सच्या व्हिडिओत तर मुद्दाम कापलेलं असतं.

फादर-सनमध्ये एक ठरलेला सापळा आहे. बाप फॉरवर्ड होता म्हणून पोरगाही फॉरवर्ड, बाप असा वळायचा म्हणून हाही वळतो, असं आपल्याला दिसायला लागतं. जुने चाहते तर चालीवरूनच निकाल देऊन मोकळे होतात. अशी कित्येक पोरं दोन-तीन वर्षांत यादीतून गेली, नावं घेत नाही, त्यांचा दोष काहीच नव्हता. उलट निक डायकॉस बघा. २०२१ मध्ये त्याला ओकले चार्जर्स या ज्युनियर संघाकडून खेळताना पाहिलं तर त्याचे वडील, कॉलिंगवूडचे पीटर डायकॉस, आठवायची गरज नव्हती. गर्दीत चेंडू मिळाला तरी दुसऱ्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त असल्यासारखा खेळायचा. गोल्ड कोस्टने ४ नंबरला बिड टाकली. तेव्हाच्या तक्त्यात ४ नंबरचे २०३४ पॉइंट्स, २० टक्के वजा जाता साधारण १६२७, आणि ते कॉलिंगवूडने मागच्या फेऱ्यांतल्या निवडींची मोळी बांधून भरले. स्वतःची पहिल्या फेरीची निवड त्यांनी आदल्याच वर्षी जीडब्ल्यूएसला विकली होती. ती दुसऱ्या नंबरची निघाली आणि चाहत्यांनी डोकं धरलं, पण डायकॉससाठी ती नाहीतरी जळालीच असती. हिशोब पक्का होता.

उंच पोरांना मात्र वेळ द्या. त्याच ड्राफ्टमध्ये ल्यूक डार्सीचा सॅम बुलडॉग्जकडे दुसऱ्या नंबरला गेला, सुरुवातीला दुखापतीत अडकला आणि खरा दिसला तो २०२४ मध्ये. दोन मीटरच्या वरच्या पोराचा अठराव्या वर्षी निकाल लावू नये.

अकॅडमीवाल्यांचा सापळा उलटा आहे. लहानपणापासून क्लबच्या कोचिंगमध्ये असल्याने पोरगं घोटून तयार दिसतं, पण स्थानिक लीग कच्ची असेल तर तिथले आकडे फुगलेले असतात. म्हणून मी १८ वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेलाच जास्त वजन देतो, तिथे व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची पोरं समोर असतात. २०२३ मध्ये 'अलाइज' (न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड, टास्मानिया वगैरेंचा एकत्रित) संघाने ती पहिल्यांदा जिंकली आणि त्याच वर्षी गोल्ड कोस्टने जेड वॉल्टरसह अकॅडमीचे चार जण घेतले. गुण तिथेच दिसले होते. आणि स्पर्धाच झाली नाही तर? २०२० मध्ये कोविडमुळे व्हिक्टोरियातली पोरं जवळजवळ खेळलीच नाहीत, तरी जमारा उगल-हेगन आदल्या वर्षीच्या खेळावर पहिल्या निवडीत गेला. अशा वर्षी माझ्यासकट कोणाच्याही ठाम मतावर विश्वास ठेवू नका.

त्याच २०२० मधली सिडनी अकॅडमीची जोडी बघा. ब्रेडन कॅम्पबेल ५ नंबरला, एरल गुल्डन ३२ला. गुल्डन लहानखुरा, म्हणून मागे पडला. २०२३ मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम संघात निवडलेला, झाला. उंची टेपने मोजता येते म्हणून तिला नको तेवढा भाव मिळतो. चेंडू घ्यायच्या आधीच पुढची पास ठरवणं मोजायला कुठलं यंत्र नाही.

आता तुमच्या मुलाचं. ढोबळ नियम असा की आई किंवा वडील आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेले असतील, तर मुलगा ज्या क्लबच्या झोनमध्ये राहतो त्याच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमीत बसू शकतो. म्हणजे हो, दार उघडं आहे. पण फायदा कोणाचा ते नीट समजून घ्या. ड्राफ्टमधला हक्क क्लबाला मिळतो, मुलाला मिळतं ते कोचिंग आणि ओळख. आणि तो हक्कही सरकत असतो. मॅक अँड्र्यू मेलबर्नच्या अकॅडमीतला, पण २०२१ मध्ये नेक्स्ट जनरेशन अकॅडमीच्या पोरांवरची बिड पहिल्या २० निवडींत मॅच करायला बंदी होती, त्यामुळे ५ नंबरला गोल्ड कोस्टने नेला आणि मेलबर्न बघत बसलं. २०२४ मध्ये ते बंधन उठलं आणि इराकी मुळांच्या कुटुंबातला आयझॅक काको १३ नंबरला असूनही एसेंडनला राखता आला. तुमचा मुलगा अठराचा होईपर्यंत नियम आणखी दोनदा तरी बदलतील, तेव्हा त्यावर काही बेतू नका. आत्ता एवढंच करा: ज्युनियर क्लबच्या सेक्रेटरीला विचारा की तुमचा पिनकोड कोणाच्या झोनमध्ये येतो आणि अकॅडमीची नावनोंदणी कधी असते. बऱ्याच आपल्या लोकांना हे माहीतच नसतं आणि पोरगं सोळाचं झाल्यावर धावपळ सुरू होते. आणि डावा पाय. रोज संध्याकाळी भिंतीवर डाव्या पायाने किक मारायला लावा, शेजारी कुरकुरले तरी.