तीळ जाळून काढला, बायोप्सी केलीच नाही. आता कॅन्सरची भीती वाटतेय, काय करू?

दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या क्लिनिकमध्ये मानेवरचा तीळ रेडिओफ्रिक्वेन्सीने काढलात, म्हणजे तो जळून गेला. आता तपासायला तुकडाच नाही, त्यामुळे जुन्या डॉक्टरांशी भांडून हाती काही लागणार नाही. (तपासणीशिवाय संशयास्पद तीळ जाळणं चुकीचंच. पण तुमचा तसा होता का?)

ते शोधता येतं. जुने फोटो काढा, लग्नकार्यातले विशेषतः, आणि मानेवर झूम करा. गोल, एकाच रंगाचा आणि वर्षानुवर्षं तेवढाच दिसत असेल, तर बरीचशी काळजी तिथेच मिटते. आपल्या कातडीत मेलॅनोमा (तिळासारखा दिसणारा, रंगपेशींचा कॅन्सर) मुळात कमी, आणि होतो तोही बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली.

मग व्रण उजेडात बघा. आतच तपकिरी ठिपका परत आला असेल तर बहुतेकदा तो उरलेला साधा तीळच असतो. रंग व्रणाबाहेर पसरतोय, गाठ हाताला लागतेय, रक्त येतंय किंवा गळ्यात अवधाण (गाठीसारखी सूज) आलंय, तर मात्र थांबू नका.

थेट खारघरच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला धावू नका. ठाण्यातच डर्मोस्कोप (तीळ मोठा करून दाखवणारं दिव्याचं भिंग) असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पार्लरवाल्यांना नको. बायोप्सी ठरलीच तर फॉर्मवर ‘इथला तीळ आधी काढला होता’ हे लिहायला लावा. परत उगवलेला साधा तीळ सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा दिसू शकतो.