"दृष्टिकोन बदल" असं सगळे सांगतात, पण तो बदलायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात कुणी काही बोललं, घरमालकाने भाडं वाढवलं, एखाद्या नातेवाइकाने कार्याला बोलावलं नाही, की दोन-तीन दिवस दुसरं काही सुचत नाही. लोक म्हणतात, जरा लांबून बघ. पण लांबून बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

नुसता विचार करून हे जमत नाही. ज्या डोक्याने गोष्टीचा डोंगर केला, त्यालाच तो उतरवायला सांगून उपयोग नसतो. आणि आठवणीवर तर मुळीच विसंबू नका. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं की दौऱ्यात अमुक घडण्याची शक्यता किती टक्के. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं, आता तुमचे आकडे आठवून लिहा. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त टक्के दिले होते, असं त्यांना आठवायला लागलं. घरोघरी हेच चालतं. ज्या भीतीने झोप उडाली ती फोल ठरली की आपण ती विसरून जातो, खरी ठरलेली मात्र "मला आधीच माहीत होतं" म्हणत जपून ठेवतो. पुढच्या वेळी घाबरायला पुरावा तयार!

म्हणून एक वही ठेवा. साधी शंभर पानी, रेघांची. सुंदर कव्हरची, प्रत्येक पानावर प्रश्न छापलेली डायरी घेऊ नका. तिच्यात अक्षर चांगलं येतं आणि खरं कमी लिहिलं जातं. डाव्या पानावर लिहायचं, उजवं पान कोरं सोडायचं. ते तीन महिन्यांनंतरसाठी आहे.

डाव्या पानावर काय? बहुतेक जण असं लिहितात: "आज साहेबांनी माझा सगळ्यांसमोर पार कचरा केला. माझी इथे काही किंमतच नाही. या वर्षी पगारवाढ विसरा." या तीन वाक्यांत घडलेलं, वाटलेलं आणि पुढे होईल असं वाटणारं, सगळं एकत्र कालवलं आहे. ते सुटं करा.

वर तारीख. मग "घडलं": साहेब म्हणाले, 'आकडे जुळत नाहीत, परत करून आणा.' खोलीत पाच जण होते. इथे फक्त कॅमेऱ्यात आलं असतं तेवढंच. मग "वाटलं": लाज, राग, जेवण गेलं नाही. हे दोन ओळींत, लपवाछपवी न करता. मग "होईल": पगारवाढ अडेल, ७० टक्के खात्री. शेवटी "कधी कळेल": एप्रिलअखेर. टक्के लिहायला लोक कंटाळतात, पण खरी गंमत तिथेच आहे. "बहुतेक अडेल" हे तीन महिन्यांनी कसंही फिरवता येतं, ७० टक्के फिरवता येत नाही.

आता याच नोंदीखाली चार-पाच ओळी स्वतःचं नाव घेऊन लिहा, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिताय. नाव संजय असेल तर: "संजयला नक्की कशाचा राग आला? आकडे चुकले होते का? उद्या त्याने काय करावं?" सुरुवातीला हसू येतं, येऊ द्या. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये यावर काम केलं. जोडीदाराने फसवल्याचा प्रसंग काही जणांना स्वतःवर ओढवला आहे असं समजून विचार करायला सांगितलं, काहींना मित्रावर. मित्राबद्दल बोलताना लोक जास्त शहाणपणाने, दोन्ही बाजू धरून बोलले. स्वतःकडे तिऱ्हाइतासारखं बघायला लावलं, तेव्हा हा फरक पुसला गेला. थोडक्यात, शहाणपण आपल्याकडे असतंच, फक्त ते शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

वेळ १५-२० मिनिटं, घड्याळ लावून. रोज लिहू नका. रोजची वही महिन्याभरात गाऱ्हाण्यांची होते आणि तीच तक्रार घोटून घोटून पक्की होते. काही बोचलं तरच लिहा. झोपण्याआधी तर नकोच. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं क्लेशदायक लिहिलं. लिहून झाल्याझाल्या त्यांना वाईटच वाटत होतं. फायदा पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी होण्यात दिसला, तोही घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांत. लिहून लगेच हलकं वाटलं नाही म्हणून वही सोडणारे पुष्कळ, म्हणून हे सांगितलं.

वही कुणाच्या हाती लागणार असेल तर तुम्ही त्या वाचणाऱ्यासाठी लिहायला लागता. वन रूम किचनमध्ये ही अडचण खरी आहे. मग जीमेलमध्ये स्वतःलाच मेल लिहा आणि पाठवायची तारीख तीन महिन्यांनंतरची टाका. मेल येईपर्यंत उघडून बघायची नाही.

मध्येच कुणीतरी सांगेल, "तुझ्यापेक्षा किती लोक हालात जगतात ते बघ." माझ्या मते हा सल्ला सगळ्यात निरुपयोगी. त्याने एक संध्याकाळ बरी जाते, मग मूळ दुःख तिथेच आणि वर "आपण उगाच रडतो" ही लाज. शिवाय तुमच्या भाड्याच्या वाढीवर त्यात कणभर उत्तर नाही.

तीन महिन्यांनी एका सुट्टीच्या सकाळी वही उघडा. प्रत्येक नोंदीसमोर, उजव्या पानावर, प्रत्यक्षात काय झालं ते एका ओळीत लिहा. मग नोंदींचे ढीग करा: पैसा, तब्येत, नातेवाईक, ऑफिस, लोक काय म्हणतील. प्रत्येक ढिगात भीती किती वेळा खरी ठरली ते मोजा. प्रत्येकाचं डोकं वेगळ्या जागी वाकडं असतं. कुणी ऑफिसच्या बाबतीत दर वेळी ८० टक्के लिहितो आणि दहातलं एक खरं ठरतं. कुणाचे पैशाचे अंदाज मात्र बिनचूक निघतात. पुढची नोंद करताना हा हिशोब समोर ठेवून टक्के लिहायचे.

आणि इथे लोकांचा एक गैरसमज असतो, की लांबून पाहिलं की सगळं लहानच दिसणार. तसं नाही. काही गोष्टी तुम्ही जवळून फार लहान समजत असता. साहेबांच्या बोलण्यावर दीड पान आणि "शुगरची टेस्ट पुढच्या महिन्यात करू" हे कोपऱ्यात एका ओळीत, तेही तीन नोंदींत तीनदा. अशी तीनदा आलेली ओळ अधोरेखित करा आणि तिच्यासाठी त्याच दिवशी तारीख ठरवा, फोन लावा, अपॉइंटमेंट घ्या. बोचणाऱ्या नोंदी तीन महिने थांबू शकतात, या ओळी नाही.

वही कुठे पुरत नाही तेही सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर लिहीत बसू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा क्रमांक १४४१६, फोन मोफत आहे.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. पहिल्या वेळी नोंदी पाच-सातच असतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. वीसएक नोंदी जमल्यावरच ढिगांना अर्थ येतो. तोवर उजवी पानं भरत राहायची.