बकऱ्यांच्या गाडीवरची डार्करूम

मागच्या अंकात डॉसनच्या जुन्या फोटोंची दोन पानं दिली होती. कॅनडाच्या पार वरच्या कोपऱ्यात युकॉन आणि क्लोंडाइक या नद्या मिळतात तिथलं हे गाव, १८९६ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या एका नाल्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत चिखलात तीसेक हजार माणसांचं शहर उभं राहिलं, एवढंच खरं तर लिहिलं होतं, पण पत्रं इतकी आलीत की यावेळचा कॉलम त्यावरच. लेन्सला बुरशी लागलीय काय करू वाले सगळे पुढच्या अंकात, पावसाळा काही कुठे पळून जात नाही.

ताई, बर्फाच्या डोंगरावर मुंग्यांसारखी माणसांची रांग चढतेय तो फोटो नातवाला दाखवला तर म्हणतो आजी हा एआयने बनवलेला आहे. मी सांगितलं अरे १८९८ च्या आसपासचा आहे, तरी हसतोच. खरा आहे ना?
— एक आजी, दादर

आजी, शंभर टक्के खरा. आणि नातवाला शंका आली यात त्याचीही चूक नाही, कारण तो फोटो दिसतोच अशक्य. ती चिलकूट खिंड, अलास्का आणि कॅनडाच्या हद्दीवरची. हद्दीवर कॅनडाचे माउंटेड पोलीस उभे, आणि त्यांचा नियम असा की वर्षभर पुरेल एवढं खाणं जवळ असल्याशिवाय आत सोडायचं नाही, कारण पुढे गावात उपासमारीची भीती होती. मग पीठ, बीन्स, बेकन, तंबू, फावडी, करवती सगळं मिळून एकेकाचं सामान टनाच्या घरात जायचं. शेवटचा चढ इतका उभा की तिथे घोडा चालत नाही, म्हणजे माणसानेच पाठीवर वाहायचं, आणि एका खेपेला पंचवीस-तीस किलो धरले तरी हिशोब करा, तीस-चाळीस खेपा. बर्फात पायऱ्या खोदल्या होत्या, दीडेक हजार, त्याला नाव काय तर सोनेरी पायऱ्या! वर पोचायचं, सामान टाकून त्यावर खूण लावायची, बर्फावरून बसल्या बसल्या घसरत खाली यायचं, परत रांगेत.

म्हणून ती रांग कधी तुटतच नाही. त्या फोटोत दिसतात ती नवनवीन माणसं नाहीत, त्यातली कितीतरी तीच तीच आहेत, कोण पाचव्या खेपेला कोण पंचविसाव्या. दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला दम खायला कडेला थांबलात तर परत गर्दीत शिरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी काय सांगू, तिथेही तसंच होतं, रांगेतून बाहेर पडला की परत आत घुसायला ताटकळायचं. नातवाला फोटो मोठा करून पायऱ्यांच्या कडेला बघायला सांगा, ओझ्यासकट टेकलेली माणसं दिसतील.

फोटो काढणाऱ्याचं नाव एरिक हेग. जन्माने स्वीडिश, लहानपणीच अमेरिकेत आलेला, वॉशिंग्टन राज्यात स्टुडिओ चालवायचा. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन पहिली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला लागली आणि सगळ्यांचं डोकंच फिरलं, त्यात हाही निघाला, फक्त याने फावड्याऐवजी कॅमेरा घेतला. लाखभर माणसं निघाली असं म्हणतात, त्यातली तीस-चाळीस हजारच डॉसनला पोचली, आणि पोचली तेव्हा कळलं की चांगले नाले आधीच बुक झालेत! ३ एप्रिल १८९८ ला याच वाटेवर हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गाडली गेली, ते उकरून काढतानाचे फोटोही हेगचे आहेत. ते आम्ही मुद्दामच छापले नाहीत.

एवढ्या थंडीत फोटो धुवायचे कुठे? लाइट नाही, नळ नाही.
— एक वाचक, डोंबिवली

मला आवडलेला प्रश्न, कारण याचं उत्तर हेगने स्लेजवर बांधून नेलं होतं. वाटेत त्याची स्लेज बकऱ्या ओढायच्या (हो, बकऱ्या, फोटो आहे) आणि त्यावर छोटी डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली. पुढे खिंडीपलीकडच्या बेनेट लेकवर सगळे होड्या बांधायला बसले तेव्हा याच्या होडीतही डार्करूम आली आणि तशीच युकॉन नदीतून खाली डॉसनपर्यंत गेली.

लाइटची गरज नव्हती, छपाई उन्हात व्हायची. काचेची निगेटिव्ह आणि कागद फ्रेममध्ये एकमेकांना चिकटवून उन्हात ठेवायचे, कागद हळूहळू काळा पडत जातो, झालं की आत घ्यायचा. शिवाय तोवर कोरड्या प्लेटा, म्हणजे रसायन आधीच लावून सुकवलेल्या काचा, आल्या होत्या, १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरने जिलेटिनची युक्ती काढली त्यातून पुढे तयार प्लेटा डब्यात मिळायला लागल्या. त्याआधीच्या ओल्या पद्धतीत काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, उणे चाळीसमध्ये ते करून बघा म्हणावं.

तरी त्रास होताच. डेव्हलपर, म्हणजे काचेवर चित्र उमटवणारं रसायन, थंड झाला की काम करायचं थांबतो, जास्त थंड झाला की बर्फ. शटरमधलं तेल घट्ट होतं. आणि बाहेरचा गार कॅमेरा शेकोटीच्या केबिनमध्ये आणला की काचेवर पाणी धरतं, चर्चगेटच्या एसी ऑफिसमधून जुलैत बाहेर पडल्यावर चष्मा पांढरा होतो ना, अगदी तसं. वजनाचं तर बोलूच नका, आठ बाय दहा इंचाची एक काच पाव किलोच्या आसपास भरते.

आमच्या घरी बाबा रात्री अकरानंतर मोरीत लाल बल्ब लावून फोटो धुवायचे, बादलीवर फळी, फळीवर तीन ट्रे, आणि दाराला आतून आईचं जुनं लुगडं. तेव्हा आम्हा भावंडांना एकच नियम होता, काहीही झालं तरी दार उघडायचं नाही, मग पोटात कितीही कळा येवोत. हेगच्या होडीचं वाचते तेव्हा मला ती मोरीच आठवते.

एकाच फोटोखाली एका ठिकाणी एक नाव आणि दुसरीकडे दुसरंच. नक्की कोणी काढलाय?
— एक विद्यार्थी, प्रभादेवी

मित्रा, यात तज्ज्ञांचंही डोकं चालत नाही. फोटो हा तिथे विकायचा माल होता, पीठ-बेकनसारखाच. घरी पाठवायला लोक 'व्ह्यू' विकत घ्यायचे, आणि स्टुडिओ बंद झाला, विकला, पार्टनर बदलला की काचाही सामानाबरोबर हात बदलायच्या. हेगबरोबर काम केलेला लार्स नंतर ड्युक्लो नावाच्या फोटोग्राफरबरोबर डॉसनमध्ये स्वतःचा स्टुडिओ चालवायला लागला. काच ज्याच्या हातात तो त्यावर आपलं नाव लिहायचा.

ते नाव लिहायची पद्धतही मजेशीर आहे. फोटोच्या खाली पांढऱ्या अक्षरात नाव-गाव दिसतं ते प्रिंटवर लिहिलेलं नसतं, काचेच्या रसायनाच्या बाजूवर गडद शाईने उलटं लिहितात, म्हणजे आरशात दिसतं तसं. शाई उजेड अडवते म्हणून कागदावर अक्षर पांढरं उमटतं आणि सुलटं होतं. आता थंडीत घाईघाईने उलटं लिहिताना चुका होणारच, जुन्या प्रिंटांमध्ये एखादं इंग्रजी एन किंवा एस चुकून सुलटं लिहिलं गेलं की छापून उलटं आलेलं दिसतं. मला ती अक्षरं बघायला चेहऱ्यांपेक्षा जास्त आवडतात, खोटं कशाला बोलू.

नावावरून सगळ्यात मोठं भांडण मात्र सख्ख्या भावांचं. सिअ‍ॅटलचा एडवर्ड कर्टिस, ज्याचे अमेरिकेतल्या आदिवासींचे फोटो पुढे जगभर गाजले, त्याचा धाकटा भाऊ असाहेल क्लोंडाइकच्या वाटेवर जाऊन फोटो काढत होता. १८९८ साली एका मोठ्या मासिकात ते फोटो आले ते एडवर्डच्या नावावर. थोरल्याचं म्हणणं स्टुडिओ माझा, तर फोटो माझे. दोघांचं जे फाटलं ते परत जुळलं नाही. माझं मत विचाराल तर मी धाकट्याच्या बाजूने, पण घरच्या धंद्यात राबलेल्या कुठल्याही धाकट्याला विचारा, हेच ऐकायला मिळेल.

सोन्याच्या गावाचे एवढे फोटो, पण सोनं कुठेच चमकत नाही?
— एक काकू, वसई

काकू, त्या वेळच्या साध्या प्लेटांना निळा रंग लगेच दिसायचा आणि पिवळा-तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून आकाश सपाट पांढरं, आणि सोनं मातीसारखं काळपट. तसंही ते सोनं म्हणजे बहुतेक बारीक चुरा आणि खडे, पिशवीत भरून दुकानात तराजूवर तोलून द्यायचे. तुमच्या पाटल्यांसारखं काही डोळ्यांपुढे आणू नका.

आणि एक राहिलंच, फोटोत न दिसणाऱ्यांबद्दल. सोनं सापडलं ते कार्मॅक नावाच्या अमेरिकन माणसाच्या नावावर नोंदलं गेलं, पण बरोबर त्याची बायको केट, तिचा भाऊ किश (ज्याला गोरे लोक स्कूकम जिम म्हणायचे) आणि भाचा चार्ली होते, तिघेही तिथल्याच आदिवासी समाजातले. डॉसनसमोरच नदीच्या तोंडाशी ट्रोंडेक ह्वेचिन लोकांची मासेमारीची जागा होती, गर्दी वाढली तशी त्यांना तिथून हलून नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला जावं लागलं. सलूनचे, दुकानांच्या पाट्यांचे, चिखलात रुतलेल्या घोड्यांचे फोटो ढीगभर, पण या लोकांचे त्यामानाने कमीच, कारण विकत घेणाऱ्याला ते घरी पाठवायचे नव्हते. २०२३ साली युनेस्कोने हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत घेतला तो त्यांच्याच नावाने, ट्रोंडेक-क्लोंडाइक.

त्या वेळी आपल्या मुंबईत काय चाललं होतं?
— एक निवृत्त शिक्षक, ठाणे

सर, तारखा नुसत्या एकाखाली एक लिहा. ७ जुलै १८९६, काळाघोड्याच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ. ऑगस्टमध्ये तिकडे सोनं. सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण सापडतो. म्हणजे तिकडे माणसं गाव उभं करायला धावत होती आणि इकडे मुंबई सोडून पळत होती, आणि दोन्हीकडे कॅमेरा होताच, प्लेगच्या वेळचे घरं धुण्याचे आणि छावण्यांचे फोटो आजही लंडनमध्ये जपून ठेवलेत. फोटोग्राफीत आपण मागे मुळीच नव्हतो, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, तेव्हा डॉसन नावाचं गावच नव्हतं. आणि सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर, यांचा मुंबईत फोटो स्टुडिओच होता, त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती १८९९ मध्ये फिल्मवर घेतली. त्याच १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी आली आणि डॉसन रिकामं व्हायला लागलं.

आजोबांचा स्टुडिओ होता. माळ्यावर काचेच्या निगेटिव्हचं खोकं सापडलंय, शंभरेक असतील. मुलगा म्हणतो चाळ रीडेव्हलपमेंटला जातेय, टाकून द्या, नाहीतर काच धुऊन फ्रेमला वापरा. काय करू?
— एक काका, गिरगाव

काका, थांबा! धुऊ नका.

हेग डॉसन सोडून गेला तेव्हा त्याच्या बऱ्याच काचा मागे राहिल्या. अशी गोष्ट सांगतात की नंतर त्या एका लाकडी केबिनच्या भिंतीत सापडल्या, आणि जिला सापडल्या तिलाही तुमच्या मुलासारखंच वाटलं, वरचा काळा थर खरवडला तर ग्रीनहाऊसला फुकटात काच. तिने कामाच्या ठिकाणी विचारलं थर काढू कसा, आणि समोरच्या माणसाच्या लक्षात आलं, त्याने तिला तेवढी साधी काच दिली आणि या वाचवल्या. आता हेगचे फोटो सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटीत आहेत.

माझ्याकडे असा भला माणूस आला नाही. बाबांच्या काचांपैकी एक मी स्कॅनिंगच्या दुकानात दिली, नाव नको, तिथल्या पोराने प्रेमाने ग्लास क्लीनर मारून पुसली आणि मला म्हणाला, मॅडम बघा एकदम क्लीन. काचेवरच्या बारशातली अर्धी माणसं त्याच्या फडक्यावर गेली.

तर, काच कडांनीच धरायची. चकचकीत बाजू ती काचेची, मंद दिसते ती रसायनाची, त्या बाजूला बोट नाही, पाणी नाही, फुंकर नाही (थुंकी उडते), फक्त मऊ कोरड्या ब्रशने किंवा रबरी ब्लोअरने धूळ उडवायची. चिकटलेल्या दोन काचा ओढून सोडवायच्या नाहीत, तशाच बाजूला ठेवा. प्रत्येकीला साध्या, आम्ल नसलेल्या कागदाचं पाकीट, प्लॅस्टिक नको, आपल्या हवेत आत घाम धरतो. खोक्यात आडव्या रचू नका, खालच्या फुटतात, लांब कडेवर उभ्या ठेवा, ताटाळ्यात ताटं असतात तशा. माळा आणि बाथरूमची भिंत सोडून कुठलंही कपाट चालेल, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला.

बघायला स्टुडिओ लागत नाही, टॅबलेटवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, मध्ये बोटभर अंतर सोडून काच दोन ठोकळ्यांवर ठेवा, वरून मोबाइलने फोटो काढा आणि रंग उलटे करा. पहिली कोण दिसते ते बघा, बहुतेक एखादी नऊवारीतली नवरी असेल.

आणि ते खोकं टाकू नका. आजोबांनी झाकणावर किंवा जुन्या पाकिटांवर पेन्सिलने काही लिहिलं असेल, नंबर, आडनाव, "दोन कॉपी, पैसे बाकी", ते जसंच्या तसं उतरवून त्याच नंबराने नव्या पाकिटावर लिहा. पेन्सिलनेच, बॉलपेन नको.