'त्रागा', 'आत्मक्लेश' की 'त्रास करून घेणं'?

प्रश्न एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. त्यांना आठवी ते दहावीच्या पालकांसाठी एक पानी पत्रक काढायचं आहे. 'सेल्फ-हार्म'ला, म्हणजे स्वतःच स्वतःला मुद्दाम दुखवण्याला, मराठीत काय लिहावं, यावर शिक्षकखोलीत एकमत होत नाही. कुणी 'आत्मक्लेश' सुचवलं, कुणी 'स्वपीडन'. मुख्याध्यापकांचं म्हणणं, 'त्रागा' लिहा, सगळ्यांना कळेल. त्यांची आणखी एक शंका आहे: यात फक्त जखमा धरायच्या, की जेवण सोडणं, औषधं टाळणं हेही धरायचं?

मुख्याध्यापकांचा शब्द आधी घेऊ, कारण तो दिसतो त्यापेक्षा जास्त योग्य आहे आणि तरीही चालणार नाही. त्रागा हा गुजरात-काठियावाडातला जुना प्रघात. तिथले चारण आणि भाट व्यापारी तांड्यांना सोबत करत, करारमदारांना जामीन राहत. तांडा लुटला गेला किंवा दिलेला शब्द मोडला, तर ते समोरच्याच्या देखत स्वतःला जखमी करून घेत, प्रसंगी जीवही देत. हेतू हा, की त्याचं पाप त्या मोडणाऱ्याच्या माथी बसावं. आपल्याकडे आता ताटात आवडती भाजी नाही म्हणून ताट सरकवणं इथपर्यंत हा शब्द उतरला आहे, पण मुळाशी स्वतःला इजा करणं आहेच.

मग अडचण कुठे? त्राग्याला समोर कुणीतरी लागतं. ज्याच्यावर राग आहे त्याने पाहिलं नाही, तर त्रागा फुकट गेला. तुमच्या पत्रकातली मुलं नेमकं उलट करतात. दार लावून करतात आणि कुणाला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा, खेळाच्या तासाला रोज नवं कारण, स्नेहसंमेलनात नाचायचं म्हटलं की आधी पोशाखाच्या बाह्या किती हे विचारणं. अशा मुलीला 'त्रागा करते' म्हटलं की तिच्यावर दुसऱ्याला वेठीला धरल्याचा आरोप होतो. घरात त्याचंच भाषांतर 'नाटकं' आणि 'थेरं' असं होतं.

गंमत म्हणजे कायद्याने हा भेद आपल्यापेक्षा बारकाईने केला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ गेलं. मात्र सरकारी सेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी असा प्रयत्न करणं कलम २२६ खाली गुन्हा राहिलं. म्हणजे वगळली ती वेदना आणि ठेवला तो त्रागा! त्याआधीच, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने सांगून ठेवलं होतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही. 'दवाखान्यात नेलं तर पोलिसांचं झंझट होईल' या भीतीने जखम घरीच हळद लावून झाकणारे पालक आजही आहेत. त्यामुळे 'हा गुन्हा नाही' हे पत्रकात जरूर घाला.

'आत्मक्लेश' शब्द देखणा आहे, पण तो राजकारणाने नेला. राजू शेट्टींनी मे २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर पुणे ते मुंबई पायी यात्रा काढली, तिचं नावच आत्मक्लेश यात्रा होतं. उपोषण, मौन, प्रायश्चित्त हे सगळं त्या शब्दाच्या मागे उभं राहतं. त्यात एक नैतिक उंची आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला त्या उंचीवर बसवणं धोक्याचं. 'स्वपीडन', 'आत्मपीडन' हे 'परपीडन'चे जोडीदार. वाचकाला त्यात दुखण्यातून सुख मिळवण्याचा वास येतो, तो इथे गैरलागू. 'आत्मघात' म्हणजे थेट आत्महत्या. 'स्व-इजा' अर्थाने बिनचूक आहे, अहवालात खुशाल वापरा, पण संध्याकाळी स्वयंपाकघरात कुठली आई लेकीला 'तू स्व-इजा करतेस का गं' असं विचारेल?

माझं मत 'स्वतःला त्रास करून घेणं' याला, आणि जिथे शरीराचं नेमकं बोलायचं तिथे 'स्वतःला इजा करून घेणं'. मराठीने यासाठी वेगळं नाम घडवलंच नाही, कारण 'घेणं' या क्रियापदाने तिचं भागतं. मारणं वेगळं, मारून घेणं वेगळं. डोकं आपटून घेणं, तोंडात मारून घेणं, मनाला लावून घेणं, जिवाचे हाल करून घेणं. करणारा आणि सोसणारा एकच, हे त्या एका 'घेणं'त आलं. शिवाय त्यात दोषही नाही आणि गौरवही नाही.

आता तुमची दुसरी शंका. मला ती शब्दापेक्षा मोठी वाटते. जखम दिसली की निदान प्रश्न तरी विचारला जातो. न दिसणारे प्रकार आपल्या बोलण्यात इतके मुरलेले आहेत की ते त्रासाचे आहेत हे कानाला जाणवत नाही. 'अन्नावर राग काढू नकोस' हे आजीचं वाक्य घ्या. अन्नावर काढलेला राग शेवटी स्वतःच्याच पोटावर निघतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण तीच मुलगी 'आज चतुर्थी', 'आज गुरुवार', 'डाएट चालू आहे' म्हणाली की घर कौतुक करतं. 'अंगावर काढणं' हा आणखी एक. ताप अंगावर काढला, दुखणं अंगावर काढलं. सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. 'हाडाची काडं केली', 'रक्ताचं पाणी केलं' यात तर सरळ शाबासकीच आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा. पत्नी गेल्यावर एकटे राहिलेले साठीतले गृहस्थ, बरीच वर्षं मधुमेह. सकाळ-दुपार-संध्याकाळ असे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा मुलीने पुण्याहून आणून दिलेला. ती पुढच्या वेळी येते तेव्हा सगळे कप्पे तिने भरले तसेच भरलेले, आणि ओट्यावर जिलेबीचा रिकामा पुडा. विचारलं तर, 'आता कुणासाठी गं सांभाळायचं?' शेजारी त्यांना हट्टी म्हणतात, डॉक्टर बेफिकीर म्हणतात. इथे कुणाच्या तोंडी 'इजा' हा शब्द येणार नाही, पण ते वाक्य ऐकूनही गोळ्यांवरच वाद घालत बसलो तर मूळ दुखणं राहूनच जातं.

मुलांमध्ये याची रूपं निराळी. खपली धरू न देणं, भिंतीवर मूठ मारणं, मुद्दाम रात्ररात्र न झोपणं, पोट दुखेपर्यंत व्यायाम, चिडून भरधाव गाडी काढणं, आपल्याला अपमानित करणाऱ्यांकडेच पुन्हा पुन्हा जाणं. काही मुलं निनावी खातं उघडून त्यावरून स्वतःलाच शिव्या घालतात. शिक्षकाला हे वाचून विचित्र वाटेल, पण हा प्रकार अभ्यासकांनी नोंदवलेला आहे.

मात्र इथे हात आखडता घ्या. परीक्षेच्या दिवसांत नखं खाणारं प्रत्येक पोर या यादीत ढकलू नका. केस उपटण्याची किंवा कातडी सोलण्याची अनावर सवय हा मानसोपचारात स्वतंत्र विकार मानला जातो. त्यालाही मदत लागते, पण त्यामागे स्वतःला दुखवायचा हेतू असतोच असं नाही. अंगावर दुखणं काढणाऱ्या बहुतेक बायका पैसा आणि सवड नाही म्हणून काढतात; त्यांना मनोविकाराचं लेबल लावणं हा वर आणखी एक अन्याय. फरक कृतीत कमी आणि तिच्या आजूबाजूला जास्त सापडतो. आधी असह्य घुसमट किंवा स्वतःचा तिटकारा होता का? नंतर थोडा वेळ मोकळं वाटलं आणि मग लाज वाटली का? लपवलं जातं का? 'मला शिक्षा व्हायलाच हवी' असा सूर आहे का? थांबवायचं ठरवूनही थांबत नाही का? दोन-तीन उत्तरं 'हो' आली तर कृती कितीही किरकोळ दिसो, बोलायला हवं.

वड्याचं तेल वांग्यावर काढतात तसंच हे, फक्त इथे वांगं आपण स्वतः असतो. म्हणून वांग्याला ओरडून उपयोग नाही, वड्याची चौकशी करायची. 'आमचं काय चुकलं?', 'लोक काय म्हणतील?' आणि विशेषतः 'तुला माझ्या गळ्याची शपथ' ही तीन वाक्यं टाळा. शपथेने करणं थांबत नाही, सांगणं मात्र थांबतं, कारण आता शपथ मोडल्याचं पापही डोक्यावर येतं. चारचौघांत 'बघू हात' म्हणणंही तसंच. त्याऐवजी एकांतात, शांतपणे: 'तुला खूप त्रास होतोय असं मला वाटतंय. कधी स्वतःला त्रास करून घेतेस का?' आणि पुढचा प्रश्न गिळू नका: 'जगूच नये असं वाटतं का?' असं विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात जाते हा समज खोटा आहे. 'जिवाचं काही बरंवाईट' अशी आडवळणं इथे नकोत. स्वतःला इजा करून घेणारं प्रत्येक जण मरायला निघालेलं नसतं, पण त्यांच्यात तो धोका वाढलेला असतो, म्हणून विचारायचं. शिक्षक म्हणून 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. कुणाला सांगायचं हे आपण मिळून ठरवू, असं म्हणा.

पत्रकासाठी मजकूर असा सुचवतो, हवा तसा बदला:

"मन फार दुखलं की काही मुलं (आणि मोठी माणसंही) स्वतःला त्रास करून घेतात. कधी तो जखमेतून दिसतो, कधी जेवण, झोप, औषधं सोडण्यातून. हा हट्ट नाही, नाटक नाही आणि गुन्हाही नाही. रागवू नका, शपथ घालू नका, विचारा आणि ऐका. टेली-मानस, १४४१६: केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांना स्वतः फोन करायचा असेल तर चाइल्डलाइन, १०९८. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवता येतं. जखम खोल असेल, काही पोटात घेतलं असेल किंवा जीव द्यायचं बोलणं चालू असेल, तर एकटं सोडू नका. ११२ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा."

शीर्षकात 'सेल्फ-हार्म' ठेवलंत तरी माझी हरकत नाही. दहावीच्या मुलांना तो शब्द पालकांच्या आधीपासून ठाऊक आहे. फक्त त्याखालच्या पहिल्याच ओळीत 'त्रास करून घेणं' येऊ द्या, आणि १४४१६ नि १०९८ हे दोन्ही नंबर लिहिलेली एकेक प्रत काढून मुलांच्या नि मुलींच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा; सूचनाफलकासमोर उभं राहून ते कुणी उतरवून घेणार नाही.