'जामीन अर्ज' की 'जामीन अपील'?

प्रश्न असा आहे : "जातीय अत्याचाराच्या गुन्ह्यात 'आरोपीचे जामीन अपील उच्च न्यायालयाने फेटाळले' अशी बातमी वाचली. अपील शिक्षेनंतर करतात ना? इथे 'जामीन अर्ज' हवे होते का?"

नाही, शब्द बरोबर आहे. एरवी अगदी खुनाच्या गुन्ह्यातही सत्र न्यायालयाने जामीन नाकारला की आरोपी उच्च न्यायालयात नव्याने अर्ज करतो. ते अपील नसते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे बोलताना आपण नुसते 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणतो त्यात, वाट वेगळी आहे. २०१५च्या दुरुस्तीने त्यात कलम १४-अ आले आणि २६ जानेवारी २०१६पासून लागू झाले. विशेष न्यायालयाने जामीन दिला काय किंवा नाकारला काय, त्या आदेशावर उच्च न्यायालयात अपीलच करायचे.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अर्ज म्हटला की मागणारा एकटा आरोपी डोळ्यांपुढे येतो. अपील आदेशाविरुद्ध असते, म्हणून जामीन मिळाल्यावर फिर्यादीलाही तिथे जाता येते. त्याच दुरुस्तीतल्या कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. राजस्थानातल्या एका खून प्रकरणात हे झाले नव्हते. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक असल्याचे सांगून जामीन रद्द केला.

'जामीन' आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहिलो' यात तो अर्थ अजून जिवंत आहे. पुढे हमीलाही जामीन म्हणू लागलो, मग त्या माणसासाठी 'जामीनदार' करावा लागला.

एक विनंती मात्र आहे. जामीन झाला की गावात 'सुटला' म्हणतात, आणि मथळ्यातही तेच येते. पीडिताच्या घरी तो शब्द 'निर्दोष सुटला' असा ऐकू जातो, तर खटला अजून उभाही राहिलेला नसतो. 'जामिनावर सुटला' असे पूर्ण लिहावे. लिहिताना 'मि' ऱ्हस्व : जामीन-जामिनावर, तसेच अपील-अपिलात, वकील-वकिलाला.